एक टोल आणि टिचकी

या गाडीचं इंजिन मागे असतं. चढच इतका उभा, की डबा खालून ढकलावा लागतो. रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाकाचे दात अडकवत गाडी वर जाते. ड्रायव्हरला पुढचं काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून डब्याच्या पुढच्या टोकाला एक पहारेकरी उभा राहतो आणि दोर ओढून इंजिनातली घंटा वाजवतो. एक टोल म्हणजे निघ, दोन म्हणजे थांब.

रूळ टाकायच्या दिवसांत तिथे ड्रायव्हरबाईंचा थोरला भाऊ उभा असायचा. एका टोलामागे तो दोराला हलका हिसका देऊन घंटेची टिचकी वाजवायचा, बहिणीला चिडवायला. 'चल गं रडूबाई' असा तिचा अर्थ. गेल्या हिवाळ्यात वरच्या वळणावर बर्फाचा कडा कोसळला नि तो गेला. सापडलाच नाही.

आता वरच्या तळावर मजूर अडकले होते, जळण संपत आलं होतं. त्यांच्यातच तिची वहिनी होती, तळावरची नर्स. नवरा गेला तरी बाई डोंगर सोडायला तयार नव्हती.

"धुकं आहे, उद्या बघू," खालच्या स्टेशनातले साहेब म्हणाले.

"उद्या काय, प्रेतं आणायची?" म्हणत ती इंजिनात चढली. पुढे तिचे मामा उभे राहिले, कुरकुरत का होईना.

बोगदा मागे पडला. धुक्यात हाताला हात दिसेना. वरच्या वळणाआधी दोन टोल पडले. तिने ब्रेक आवळला. पुढे काहीतरी प्रचंड घरंगळत रुळांवरून दरीत गेलं. मग सगळं चिडीचूप.

एक टोल. त्यामागे टिचकी.

मामांना ही खोड कुठून ठाऊक? पण वहिनी वर वाट बघत होती. तिने ओठ आवळले आणि गाडी सोडली.

वर पोचले तेव्हा मामा पांढरेफटक पडले होते. "पोरी, थांबलीस म्हणून वाचलो. तुला कळलं कसं?"

"तुम्हीच नाही का घंटा दिलीत?"

"मी कुठली देतोय! दोर बोगद्यातच तुटला. घसा फुटेस्तोवर ओरडत होतो मी."

दोराचं टोक खरंच टपावरून लोंबत होतं.

मजूर भराभर डब्यात चढले. सगळ्यांत शेवटी वहिनी. ब्रेक सुटणार, एवढ्यात दोन टोल पडले.

ती थांबली. फलाटावर कुणीच उरलं नव्हतं.

डब्याचं दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला.

एक टोल. टिचकी.

"चल रे दादा," ती पुटपुटली. डोळे पुसत तिने ब्रेक सोडला.

अर्ध्या वाटेत पाणी भरायला गाडी थांबली, तेव्हा तिने डब्यात डोकावलं. माणसं दाटीवाटीने उभी होती. वहिनी मात्र खिडकीला चिकटून बसली होती आणि शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती.

"अगं वहिनी, सरक की जरा. मामा उभे आहेत."

"आणखी कुठे सरकू?" वहिनी म्हणाली. "आधीच अंग चोरून बसलेय."

तिचा त्या बाजूचा खांदा बर्फाच्या पाण्याने भिजला होता.