अकराव्या पिंपाची चव

शर्वरी कोठावदेने पेला अजून ओठांना लावलाही नव्हता, तरी तिच्या जिभेच्या दोन्ही कडा आंबल्या. आधी दह्याच्या निवळीसारखा सौम्य आंबटपणा आला, त्यामागून कैरीच्या कोयीजवळचा तुरटपणा, आणि सगळ्यात शेवटी जुन्या लाकडाचा गोडसर वास रेंगाळला. तिने टेबलापलीकडे पाहिलं. विलास पगार डोळे मिटून पहिला घोट तोंडात घोळवत होते. बिअर त्यांच्या तोंडात होती आणि चव हिच्या.

“आली का?” डॉ. सुमंत आगटेंनी हातातल्या टॅबवरून मान वर न करता विचारलं.

“आली,” शर्वरी म्हणाली. “पण पगारसाहेबांना लाकूड माझ्यापेक्षा फारच जास्त लागतं.”

“जन्म गेला वाइनच्या तळघरात. लागणारच,” पगार डोळे मिटूनच हसले.

तिसऱ्या परीक्षक होत्या वसईच्या फिलोमिना डिमेलो. हॉटेल व्यवस्थापनाच्या कॉलेजात त्या शिकवायच्या. त्यांनी कानशिलावरची चकती बोटाने चाचपली. टिकलीपेक्षा जराशी मोठी, कातडीच्या रंगाची ती चकती तिघांच्याही डाव्या कानशिलावर होती. ती आगटेंनी बनवली होती आणि तिला ‘सहस्वाद’ असं नाव दिलं होतं. कानशिलाच्या आत, मेंदूच्या घडीत दडलेला एक भाग आहे. चव कळते ती तिथे. चकती तिथली हालचाल टिपायची, दुसऱ्या चकतीला कळवायची, आणि दुसऱ्याच्या मेंदूत तसाच तरंग उठवायची.

या आंबट बिअरच्या परीक्षणातच सहस्वादची खरी कसोटी लागणार होती. बेल्जियममधली आंबट बिअर पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक रीतीने होते. अमेरिकन लोकांनी तेच जंतू घेतले, बर्बन व्हिस्कीची रिकामी ओक पिंपं घेतली आणि रीत सोडून दिली. त्यामुळे अमेरिकन पद्धतीच्या आंबट बिअरला मोजपट्टीच नाही. एकाला जे लिंबू वाटतं ते दुसऱ्याला शिरका वाटतं. मागच्या वर्षी पुण्याच्या स्पर्धेत शर्वरी आणि फिलोमिना यावरूनच अशा भांडल्या होत्या की दोन महिने फोन बंद होता. सगळ्यांच्या जिभेवर एकच चव असेल तर वाद उरेलच कशाला, असं आगटेंचं म्हणणं होतं.

दिंडोरीजवळची ही ब्रुअरी यशोधन शिरोडे आणि त्याची बायको अनघा यांची. पिंपांची खोली लांब आणि थंड होती. दोन्ही भिंतींना पिंपं रचलेली होती, आणि हवेत सफरचंदाच्या सालीचा, ओल्या लाकडाचा आणि घोड्याच्या खोगिरासारखा एक उग्र वास होता. तो वास जंगली यीस्टचा. जाणकारांना तो आवडतो. यशोधन काचेच्या लांब नळीने पिंपातून नमुना काढून पेल्यात सोडत होता आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होता. पिंपं धुवायला लागणाऱ्या वाफेचा होजपाइप अनघा कोपऱ्यात गुंडाळत होती.

“आता अकरावं,” यशोधन म्हणाला.

“ते कशाला?” अनघा तिथूनच म्हणाली. “ते आजारी आहे.”

“म्हणूनच. शर्वरीताई, हे पिंप सध्या आजारी आहे. यातल्या जंतूंनी चिकटा धरलाय. तीन-चार महिन्यांत यीस्ट तो खाऊन टाकेल आणि बिअर आपोआप बरी होईल, पहिल्यापेक्षा चांगली होईल. लोक असं पिंप लपवतात. मला वाटतं, आजची चवही नोंदली जावी.”

शर्वरीला त्याचा तो प्रामाणिकपणा आवडला. हे तिला पुढे पुष्कळदा आठवलं. त्या क्षणापर्यंत तो माणूस तिला आवडत होता.

त्याने लाकडी हातोड्यासारख्या मोगरीने बूच सैल केलं, नळी घातली, तीन पेले भरले. बिअर तेलासारखी ओघळली, तिला तार सुटत होती.

“पगारसाहेबांचा संदेश क्षीण येतोय,” आगटे पुटपुटले. “जरा जोर वाढवतो. तिघांनी एकदमच घ्या.”

तिघांनी घोट घेतला. भेंडीच्या बुळबुळीसारखं काहीतरी शर्वरीच्या जिभेवरून सरकलं आणि त्यामागून ओकारीचा वास आला. तिला शिसारी आली. नेहमीचीच. अशा शेकडो शिसाऱ्या तिने कागदावर शांतपणे नोंदवल्या होत्या. पण ही शिसारी पगारांकडे गेली, फिलोमिनाकडे गेली, त्यांच्या शिसारीत मिसळून दुप्पट होऊन परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. माइक स्पीकरसमोर धरला की जशी शिट्टी चढत जाते, तशी ती चढत गेली. शर्वरीने घोट थुंकून टाकला. तरी ती चढतच होती.

तिने मान वर केली. समोर यशोधन उभा होता.

त्याचा खालचा ओठ ओला होता. त्याच्या पुढच्या दातांमध्ये फट होती. तो काळजीने विचारत होता, “फारच वाईट आहे का?” आणि शर्वरीला एकाएकी स्पष्ट, लख्ख कळलं की ही घाण म्हणजे हाच माणूस आहे. तो ओठ, तो आवाज, ती फट. हे असं समोर उभं आहे, श्वास घेतंय, हे तिला सहन होईना.

पगारांनी पेला फेकला. तो यशोधनच्या भुवईवर फुटला. कपाळातून रक्त खाली डोळ्यात उतरलं आणि तो काही न कळून हसल्यासारखा म्हणाला, “काका, अहो—”

पगार सत्तरीकडे झुकलेले, गुडघे दुखतात म्हणून जिन्यावर थांबणारे. ते टेबलावरून आले. त्यांनी यशोधनचं डोकं दोन्ही हातांनी धरून पिंपाच्या लोखंडी पट्ट्यावर आपटलं, आणि तो धक्का शर्वरीला स्वतःच्या तळहातात जाणवला. त्या धक्क्याबरोबर शिसारी तसूभर उतरली. असं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. फिलोमिनाच्या तोंडून हुंकार निघाला. त्यांनाही ते बरं वाटलं होतं. त्यांनी टेबलावरची काचेची नळी उचलली, मोडली आणि यशोधनच्या खांद्यात खुपसली. नळी आतच तुटली. त्यांचा स्वतःचा तळवा आरपार कापला गेला, तो त्यांनी पाहिलाही नाही.

मोगरी शर्वरीच्या हातात कधी आली ते तिला आठवत नाही. पहिला घाव आठवतो. तो जबड्यावर बसला, ओल्या फांदीसारखा आवाज झाला आणि तीन गळ्यांतून एकदमच सुटकेचा श्वास निघाला. यशोधन खाली पडला. तो हाताने तोंड झाकत होता, म्हणून तिने हातावर मारलं. बोटं वेडीवाकडी झाली. तरी तोंड दिसत होतं. तोंड दिसायला नको होतं.

“बंद करा! अहो डॉक्टर, बंद करा ते!” अनघा किंचाळत धावत आली. तिने शर्वरीचा दंड धरला. शर्वरीने मागे न पाहता मोगरी फिरवली आणि अनघाचं मनगट मोडलं. पगार यशोधनच्या छातीवर बसून त्याच्या गळ्याभोवती हात आवळत होते. फिलोमिना लाथा घालत होत्या, संथपणे, कणीक मळावी तशा.

अनघा सरपटत कोपऱ्याकडे गेली. तिने शाबूत हाताने वाफेचा नळ उघडला आणि होजपाइप काखेत धरून वळवला.

पांढरी वाफ फुत्कारत आली. पगारांचा चेहरा आणि मान तिच्यात सापडली. त्यांची ओरड शर्वरीला आपल्याच गालावर पोळताना ऐकू आली. मग त्यांच्या कानशिलावरची चकती कातडीसकट सुटून फरशीवर पडली.

फेरा तुटला, शिट्टी थांबली. फिलोमिना एक पाय उचललेला तशाच उभ्या राहिल्या. शर्वरीने हातातल्या वस्तूकडे पाहिलं. मोगरीला केस चिकटले होते.

आगटे दारापाशी उभे होते. टॅब त्यांच्या हातात होता आणि तो व्यवस्थित चालू होता.

•

पोलिसांनी कारण फार शोधलं. जुनं वैर, द्राक्षबागेचा वाद, बाईचं प्रकरण, काहीतरी असलंच पाहिजे असं तपास अधिकाऱ्याला वाटत होतं. शर्वरीने त्याला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. “तो समोर उभा होता, एवढंच,” ती म्हणाली. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं नाही.

जामीन मिळाल्यावर ती नाशिकच्या हॉस्पिटलात गेली. वकिलाने नको म्हटलं होतं. अनघा बाकावर बसली होती, हात प्लास्टरमध्ये.

“मी माफी मागायला आले नाही,” शर्वरी म्हणाली. “कुठल्या तोंडाने मागू? फक्त त्याला सांगायचं होतं की त्याने काहीही केलं नव्हतं.”

अनघाने खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “तो सारखं तेच विचारतो. माझं काय चुकलं? जबडा तारांनी बांधलाय, तरी पाटीवर लिहून विचारतो. डोक्याला मार लागला त्यात वासाच्या नसा तुटल्यात. चहा आणि गरम पाणी यात त्याला फरक कळत नाही, शर्वरीताई. आमच्या खोलीत अठ्ठावीस पिंपं आहेत. आता त्यांचं करू काय?”



“आत या,” अनघा उठली. “तुम्हीच सांगा त्याला.”

यशोधन उशीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा सुजलेला, अर्धा बँडेजमध्ये. दार वाजलं तसं त्याने वळून पाहिलं आणि ओळख पटताच तो मागे सरकला. शर्वरीला त्याची कणव आली. खरीच आली. आणि त्याच वेळी तिच्या जिभेवर भेंडीची बुळबुळ सरकली, उजव्या हाताची मूठ आपोआप वळली. कानशिलावर काही नव्हतं. खोलीत पगार नव्हते, फिलोमिना नव्हत्या. जे होतं ते तिचं एकटीचं होतं. तिने दाराची चौकट धरली, नखं लाकडात रुतवली आणि मागे पाऊल घेतलं.

“मला जाऊ दे,” ती अनघाला म्हणाली. “दार लाव. आतून कडी घाल.”

•

डॉ. आगटे तिला हॉस्पिटलच्या आवारात भेटले. ते तिचीच वाट पाहत होते. त्यांची दाढी वाढली होती.

“नासलेलं एकदा खाल्लं की तो पदार्थ आयुष्यभर नकोसा होतो,” त्यांनी समजावून सांगितलं. “एका खेपेतच. मेंदू हा धडा दुसऱ्यांदा मागत नाही. अन्नाची किळस आणि माणसाची किळस, दोन्ही त्या एकाच घडीत राहतात. मधे भिंत नाही. मला हे माहीत असायला हवं होतं.”

“तुम्ही बंद का नाही केलं?”

आगटेंनी चष्मा काढला. “तीन रेघा होत्या पडद्यावर. त्या एक झाल्या. तीन माणसांचा मेंदू तंतोतंत एक झालेला कुणीही, कधीही पाहिलेला नाही. मी... पाहत राहिलो.”

शर्वरीला वाटलं, आपण याला मारू. मग तिच्या लक्षात आलं की हा राग साधा आहे, स्वच्छ आहे, तिचा स्वतःचा आहे. त्याला कसलीच चव नव्हती. ती नुसतीच उभी राहिली.

“ते यंत्र मोडून टाका,” ती म्हणाली.

“माझ्याकडे नाही आता. बातमी छापून आली त्याच आठवड्यात माणसं आली. कुठली ते सांगितलं नाही. त्यांच्याकडे सगळ्या मंजुऱ्या होत्या. त्यांनी बिअरबद्दल एक शब्द विचारला नाही. एका वेळी किती जण जोडता येतील, एवढंच विचारलं.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“खरं तेच. मर्यादा नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “काल त्यांनी मला प्रयोग बघायला बोलावलं होतं. मोठं सभागृह होतं. शंभरएक तरुण पोरं, हसतीखेळती, एकमेकांची थट्टा करणारी. प्रत्येकाच्या कानशिलावर चकती. पहिल्या रांगेतल्या एकाच्या जिभेवर नासलेल्या कशाचा तरी एक थेंब सोडला, फक्त एकाच्या. आणि समोरच्या पडद्यावर फोटो लावले. एकामागून एक. आधी दोन-तीन माणसांचे. मग एका बाजाराचा. मग एका वस्तीचा, गल्लीत मुलं खेळताहेत असा.”

आवारातून एक ॲम्ब्युलन्स बाहेर पडली आणि रस्त्यावरच्या गर्दीत शिरली. कोपऱ्यावरच्या गाडीवर लोक उभ्याने भेळ खात होते.

“कुठली वस्ती, डॉक्टर?” शर्वरीने विचारलं. “त्या फोटोतली वस्ती कुठली होती?”