पवनचक्कीखालचा दिवा

हे खरं आहे हे पटवून देण्याइतकंही त्राण माझ्यात उरलेलं नाही. पण घडलं ते असंच.

मी दीप्ती. डहाणूला शाळेत शिकवते. नवरा परेश रेल्वेत. त्याला एकच वेड... रात्रीच्या आकाशाचे फोटो.

गेल्या डिसेंबरची अमावस्या. भुतांसाठी नाही हो, फोटोत चंद्र नको म्हणून! तलासरीकडच्या एका टेकडीवर एकुलती एक पवनचक्की आहे, कित्येक वर्षं बंद. तिच्या पात्यांवरचे तारे परेशला हवे होते. दिवसभर शाळा करून माझी पाठ मोडली होती. पण तो रात्री एकटा गाडी चालवणार, म्हणून गेले.

वर मिट्ट काळोख. फक्त पवनचक्कीच्या दाराशी, दगडांच्या आडोशाला एक पणती जळत होती.

अशा फोटोंना जवळचा जरासाही उजेड चालत नाही. परेशने कॅमेरा लावला, वाकला आणि सवयीने पणतीवर फुंकर मारली.

मीही अडवलं नाही. लवकर आटपेल, एवढंच मनात आलं.

कॅमेरा आपोआप फोटो काढू लागला. खटक... खटक... चादर गुंडाळून बसल्या बसल्या मला डुलकी लागली.

जाग आली ती रातकिडे गप्प झाले म्हणून.

वारा नव्हता. पाती हलत नव्हती. कॅमेऱ्याचा आवाजही नव्हता...

मग पवनचक्कीच्या पोकळ खांबाच्या आतून आवाज आला.

ठण्...

लोखंडी शिडीवर पाय पडावा तसं. थोड्या वेळाने पुन्हा. आणखी खाली.

"परेश, आत कोणीतरी आहे."

"दाराला कुलूप आहे गं," तो म्हणाला. पण कॅमेरा सोडून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

ठण्... ठण्... शेवटच्या पायरीशी येऊन थांबलं. पुढचं पाऊल पडेचना. आत कोणीतरी पायाने चाचपडत होतं.

मग तेही थांबलं.

आणि माझ्या शेजारी, सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या परेशने एक पाय उचलला... आणि तो पायाने खाली काहीतरी शोधू लागला.

मी किंचाळले. खालच्या पाड्यावरून बॅटरी घेऊन एक म्हातारा धावत आला. देवजीबाबा.

"दिवा कोनी इजवला?"

मी परेशकडे बोट दाखवलं.

"माझा पोरगा हाय तो, बाय. मुकेश. हितंच कामाला होता. काळोखात उतरताना वाटलं, भुई आली. हात सोडला त्यानं, आन् वरनं पडून गेला." त्यांनी काडी ओढून पणती लावली, तसा परेशचा पाय जमिनीवर टेकला. "त्याला भुई दिसाय पायजे ना. म्हणून त्याची आय रोज दिवा लावते."

कॅमेऱ्यात एकही फोटो निघाला नव्हता.

आमचं क्वार्टर तळमजल्यावर आहे. तरी तेव्हापासून रोज रात्री परेश झोपेत पाय पलंगाबाहेर टाकतो, माझा हात घट्ट धरतो आणि विचारतो,

"भुई आली का?"

परेश आयुष्यात कधी 'भुई' म्हणाला नाही.

मी "झोप, आली" म्हणते. मग तो शांत होतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. मी मात्र तशीच तारवटलेल्या डोळ्यांनी शाळेत जाते.

परवा मी इतकी दमले होते, की त्याचा प्रश्न ऐकूनही तोंड उघडेना.

तरी उत्तर आलं... खोलीच्या कोपऱ्यातून. पुरुषाच्या आवाजात.

"आली. सोड हात."

परेशची बोटं सैल होऊ लागली. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं आणि उजाडेपर्यंत धरून बसले.

आता पुन्हा रात्र झाली आहे. तो झोपला आहे. आणि मला फार झोप येते आहे...