दुसरं बोट

तिची माझी पहिली भेट झाली तेव्हा ती माझ्या बोटाला सुई टोचत होती. मोठ्या भावाला हिपॅटायटिस बी निघाला होता आणि घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनीने मला दुकानातून उठवून दवाखान्यात पाठवलं. माझं दुकान घड्याळदुरुस्तीचं.

तिथे रक्त तपासायला ती होती. तिने रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला, वरून औषध टाकलं.

"पंधरा मिनिटं थांबा. एक रेघ आली तर सुटलात. दोन आल्या तर... बोलू."

मध्येच तिचा टायमर बंद पडला.

"किती झाली असतील?"

"बारा," मी मनगटाकडे बघून म्हणालो.

तिने वाकून बघितलं. काटा हलत नव्हता.

"हे तर बंद आहे. काम काय करता तुम्ही?"

"घड्याळं... दुरुस्त करतो."

ती हसली. मग पट्टी उचलून तिने सरळ टाकून दिली.

"दुसरं बोट द्या."

"अहो, एकच रेघ होती की. चाललं असतं."

"मी कोणाचं रक्त अंदाजाने वाचत नाही."

मी टायमर उघडून नीट करून दिला. या वेळी पंधरा मिनिटं भरली, आणि दुसरी रेघ आली. अगदी पुसट.

"फिकट आहे ना?" मी विचारलं.

"फिकट असली तरी रेघच." ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "मोठ्या लॅबमध्ये खात्री करू. मग दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी. नीट काळजी घेतली तर लोक म्हातारे होतात याच्यासोबत."

घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं. डोक्यात तेवढंच होतं.

"आता मला कोण मुलगी देणार?"

"लस घेतलेल्या मुलीला कसली भीती? तीन डोस, झालं."

"तुमचे झालेत?"

"झालेत," ती लिहायला लागली. मान वर न करता म्हणाली, "हा प्रश्न फॉर्मवर नाहीये."

पुढचं वर्षभर माझे, भावाचे, घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट न्यायला मी तिच्या ड्युटीच्या वेळीच जायचो. एकदा ती म्हणाली, "घरी येऊन आमच्या मामांना भेटा." थोडा अंदाज आला, पण विचारायचा धीर झाला नाही. वहिनीला घेऊन गेलो.

मामांनी विचारलं, "मुलगा निरोगी आहे ना?"

वहिनीने मान खाली घातली.

"नाही मामा," तीच म्हणाली. "हिपॅटायटिस बी आहे. मीच तपासलंय. तुम्ही आणलेल्या चार स्थळांपैकी एकाचं तरी रक्त बघितलं होतं का?"

मामांनी कप खाली ठेवला. "तुला चालतंय?"

"चालतंय काय? मीच मागणी घालतेय."

हे मलाही तेव्हाच कळलं.

सव्वीस वर्षं संसार केला. गेल्या हिवाळ्यात ती हृदयविकाराने गेली. माझ्या आजाराची झळ तिला कधी लागली नाही, हे मी मान वर करून सांगतो.

परवा तपासणीला गेलो, पहिल्यांदाच एकटा. तिच्या जागेवर आता तिच्या हाताखाली तयार झालेली मुलगी बसते.

"सगळं ठीक आहे, काका."

"नीट बघितलंस ना?"

"दोनदा," ती म्हणाली. "मॅडमनी शिकवलंय."