बेटावरून निघताना

आखाडा बाळापूरच्या बाजारात मी दोर घ्यायला गेले होते. चांगला जाड, नायलॉनचा. सोबत ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबाही घेतल्या.

"ताई, विहीर खंदून राहिल्या का?" दुकानदारानं विचारलं.

"सहल काढतेय. कयाधू नदीतल्या बेटावर."

"तिथं काय हाय? बाभळी अन् वाळू!"

मला तेवढंच हवं होतं. बंगळुरूला शिकत असताना सुट्टी आली की सगळे पाठीवर पिशव्या टाकून निघायचे, आणि मला आमच्या गावच्या मुली आठवायच्या. त्यांना नदी माहीत होती ती धुण्याच्या दगडापुरती. परत आल्यावर मी ठरवलंच, ना बस, ना एजंट, ना कुणी पुढारी. आपली सहल आपण काढायची. सकाळी जायचं, उन्हं कलायच्या आत परत. घरोघर फिरून मी आयांना राजी केलं. पारुबाई सगळ्यात शेवटी तयार झाल्या.

"माझी पेमा सुखरूप परत आली, तर पुढं कॉलेजलाबी धाडीन," त्या म्हणाल्या. "पण काही झालं तर पुन्हा उंबऱ्याशी येऊ नका, ताई."

मुलींना नेण्याआधी, शुक्रवारी दुपारी, मी पाहणीला गेले. आमच्याकडे होडी म्हणजे गुऱ्हाळातली मोठी लोखंडी कढई. दोन्ही काठांना बांधलेला दोर हातांनी ओढत पलीकडे जायचं. मासे धरणाऱ्या तातेरावकाकांनी जुना दोर सोडून माझा नवा बांधला.

"बसा. फक्त गूळ होऊ नका म्हंजी झालं," ते म्हणाले.

काका बेटाच्या काठाला कढईतच बसून राहिले. मी आत शिरले. डबे कुठं खायचे, खेळायचं कुठं, सावली कुठवर येईल, सगळं मनात मांडत चालले होते. चालता चालता पाखरांचा आवाज कधी थांबला, ते कळलं नाही. भिजलेल्या लोकरीचा वास आला. मेंढ्या मात्र कुठंच नव्हत्या.

करंजाखाली एक म्हातारी बसली होती. अंगावर घोंगडी. ऊन रखरखीत होतं, तरी घोंगडीतून पाणी टिपकत होतं.

"लेकरं कवा आणतीस?" तिनं विचारलं.

गावात बातमी पसरली म्हणायची! मला हसू आलं. "रविवारी, आजी."

"मोप हायेत?"

"आहेत की. तुम्ही असाल ना इथं?"

"मी कुठं जाती…"

मला किती आनंद झाला! मुलींना गोष्टी सांगायला कुणीतरी मिळालं. निघताना मी हात जोडले. "येते, आजी."

"बराबर," ती म्हणाली. "ये."

परतताना काकांनी हळूच विचारलं, "कोणाशी बोलून राहिल्या होत्या?"

"त्या आजी… करंजाखालच्या."

त्यांनी मागं पाहिलं नाही. "निघताना तुम्ही काय म्हणल्या?"

"येते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

दोरावरचे त्यांचे हात थांबले. पाण्याच्या मधोमध कढई संथ गोल फिरू लागली.

"घरून निघताना येते म्हणावं, ताई. बेटावरून निघताना… जाते म्हणतेत. आमच्यात लहान लेकराला बी ठाऊक असतंय."

"काहून?"

"येते म्हणलं की वाट पाहती."

"कोण, काका?"

ते दोर ओढू लागले. काठ आल्यावर एवढंच म्हणाले, "पोरी नका आणू."

मी घरी येऊन खूप विचार केला. एका शब्दासाठी सहल मोडायची? मोडली असती, तर त्या मुलींना पुन्हा कुणी कुठंच पाठवलं नसतं. मी कुणाला काही बोलले नाही. काका बोलणाऱ्यांतले नव्हतेच.

रविवारी सकाळी काठावर नुसता कल्ला होता. नवे फ्रॉक, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, ट्यूबांवरून भांडणं. माझा आनंद पोटात मावत नव्हता. पहिल्या खेपेला पेमा आणि तिच्या मैत्रिणी कढईत बसल्या. काकाही आले होते. त्यांनी दोर धरला.

पेमानं आईकडं पाहून हात हलवला. "आई, जाते."

"अगं बये, येते म्हण की!" पारुबाई ओरडल्या.

"जाते," शेजारची म्हणाली.

"जाते."

"जाते, आई."

सगळ्यांचा आवाज एकसारखा होता. कुणी हसत नव्हतं. लोकरीचा तो ओला वास आता या काठावर येत होता.

"उतरा!" मी किंचाळले. "सगळ्या खाली उतरा… आधी उतरा!"

मी एकेकीला दंडाला धरून ओढलं. पारुबाई मला काय काय बोलत होत्या, त्यातलं काही कानात शिरलं नाही. काकांनी हातातला दोर सोडून दिला होता. तरी रिकामी कढई काठापासून सुटली आणि दोराला धरून संथपणे बेटाकडं निघाली. तिकडं जाताना ती पानासारखी हलकी तरंगत होती.

मग ती परत निघाली. आत कुणी नव्हतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण आता ती भरल्यासारखी खाली दबली होती, पाणी तिच्या कडेला टेकलं होतं.

कढई वाळूला लागली तशी पेमा एक पाऊल बाजूला सरली. कुणीतरी उतरताना आपण जागा देतो, तशी.