काटा साठवर

वेदना-प्रयोगशाळेच्या दारात शरयूताईंनी बॅग टेकवली. चारची बेळगावची बस होती, धाकट्या बहिणीकडे. परतीचं काही ठरवलेलं नव्हतं. आजच्या उपचारानं नवऱ्याची चिडचिड उतरली तरच त्या थांबणार होत्या.

नवरा म्हणजे भालचंद्र उकिडवे, निवृत्त वजनमापे निरीक्षक. अकरा वर्षं कंबर धरून बसलेले. कंबर त्यांची दुखायची. स्वभाव मात्र साऱ्या घराला बोचायचा.

"दुखणं मला घालवता येत नाही," डॉ. तोरस्कर म्हणाल्या. "मेंदूत दोन वाटा असतात. एक सांगते, कुठं दुखतंय. दुसरी त्याचा वैताग करते. हा व्यथासमतोलक फक्त दुसरीवर बसतो आणि तुमचा वैताग जवळच्या माणसाच्या वैतागाशी जोडतो. दोन टाक्या नळीनं जोडल्या की पाण्याची पातळी सारखी होते ना, तसं."

"म्हणजे माझा निम्मा हिला?"

"त्या निरोगी असतील तर. तुमच्या वैतागाचा काटा चाळीसवर आहे, म्हणजे वीस-वीस. ताईंचाही मोजून घेते."

"हिचं काय मोजायचंय? ठणठणीत आहे. पहाटे पाचला उठते!"

"माझी चारला बेळगावची बस आहे," शरयूताई घड्याळ बघत म्हणाल्या. डॉक्टरांनी अर्जात शून्य लिहिलं आणि दोघांच्या कपाळाला पट्ट्या बांधून बटण दाबलं.

काटा वर चढला आणि साठवर थांबला.

भालचंद्ररावांना एकदम रडूच फुटलं. पंख्याचा राग आला, खिडकीतल्या कुंडीचा आला. शरयूताई मात्र चक्क गुणगुणायला लागल्या.

"काटा खोटा आहे!" ते गरजले. "तीस वर्षं तराजू तपासलेत मी. पट्ट्या अदलाबदल करा!"

खोटं पारडं पकडायची त्यांची ही जुनी रीत. अदलाबदल झाली. पुन्हा साठ.

आता निरीक्षकाला हिशेब टाळता येईना. "काटा खरा आहे," ते पुटपुटले आणि बायकोकडे वळले. "चाळीस माझे. म्हणजे तुझे... ऐंशी? कुठं दुखतं गं तुझं?"

"गुडघे. पंधरा वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. तुमचं सांगून संपलं की."

डॉक्टर ओशाळल्या. "चूक माझीच, न मोजता शून्य लिहिलं. पट्ट्या काढू? नाहीतर ताई बेळगावला गेल्या तरी चालेल. दहा पावलांपलीकडे जोड तुटतो. तुम्हाला लगेच बरं वाटेल."

भालचंद्ररावांनी दाराजवळच्या बॅगेकडे पाहिलं. कण्हणं ओठावर आलं होतं, ते त्यांनी अकरा वर्षांत प्रथमच गिळलं.

"राहू देत पट्ट्या," ते म्हणाले. "शरयू, थांबतेस का?"

"थांबते की! इथं इतकं बरं वाटत असताना बेळगावला कशाला मरायला जाऊ?" शरयूताई उठल्या. "तेवढी बॅग घ्या."

"अगं, माझी कंबर..."

"साठच आहेत. मलाही तेवढेच."

भालचंद्ररावांनी बॅग उचलली.