ठिपक्यांची रोपं

"उपट! एकही ठेवू नकोस," तोफेने हुकूम सोडला.

सुट्टीला मावशीच्या रोपवाटिकेत आलेल्या या ताईसाहेबांना घरात सगळे 'तोफ'च म्हणायचे. तिचा धाकटा भाऊ चष्मिष निमूटपणे मिरचीची रोपं उपटून बादलीत टाकत होता. या एकाच ट्रेमध्ये पानांवर तपकिरी ठिपके दिसले होते. रोग पसरायच्या आत ट्रे साफ करायचा आणि बाजारातून आलेल्या मावशीला चकित करायचं, असा बेत.

मावशी चकित झाली, पण भलतीच. बादली पाहून ती पालथ्या घमेल्यावर मटकन बसली.

"अगं, हीच तर झुंजणारी होती. रोग शिरला की हे रोप त्या जागेभोवतीचा आपलाच भाग मारून टाकतं. वणवा अडवायला आधीच गवत जाळून पट्टा काढतात ना, तसं. रोग ठिपक्यातच कोंडतो. या बाजूच्या बाकीच्या ट्रेंना ठिपके नाहीत, पण पानं बघ कशी चितकबरी. त्यांच्या अंगभर फिरलाय तो. किती हंगाम निवडून निवडून हे वाण धरलं होतं मी. बी तेवढंच होतं."

तोफेची दारू ओली झाली. मान वर करवेना. मावशी ओरडली असती, तर बरं वाटलं असतं.

मुळं शाबूत असलेली रोपं दोघांनी परत लावली. बरीचशी माना टाकून पडली.

"ताई, रोग आला कुठून? किडा शिरायला रोपवाटिकेच्या जाळीला तर भोकही नाही," चष्मिष पुटपुटला.

दारापाशी मावशीचे यजमान, म्हणजे काका, तंबाखू मळत होते. चिमूट तोंडात गेली, हात झटकले आणि तेच हात दाटीतली जास्तीची रोपं काढायला लागले. रोगट ट्रे सगळे काका काम करायचे त्याच बाजूचे होते!

या वेळी मात्र तोफेने आधी मावशीला विचारलं. मग पलीकडच्या बाजूचे साध्या मिरचीचे दोन निरोगी ट्रे वेगळे काढले.

"काका, तुमचा हात हलका. हा ट्रे विरळ करून द्या ना."

"बघा, शेवटी काकाच लागतो," काका फुशारले.

दुसरा ट्रे चष्मिषने साबणाने हात धुऊन विरळ केला.

सुट्टी सरता सरता काकांचा ट्रे चितकबरा झाला. चष्मिषचा हिरवागार.

"तंबाखूच्या पानातला रोग पान वाळलं तरी मरत नाही," मावशी म्हणाली. "आणि हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं."

"मी आपला खतवाल्याला नावं ठेवत बसलो," काका खाली बघत म्हणाले. "पोरांनो, तुम्ही डोळे उघडलेत."

मावशीने तोफेची पाठ थोपटली. तोफेचे कान लाल झाले.

"मावशी, निम्मीच शाबासकी दे."

"निम्मीच दिलीय," मावशी म्हणाली. "ठिपक्यांची जगलेली रोपं फळाला आणून दाखव, मग उरलेली घे."