शेळीचं रक्त आणि गुलाबजाम

तेरहून निघालेल्या एसटीत वैदेहीला खिडकीची जागा मिळाली आणि पाठोपाठ मांडीवर एक थर्मास! गर्दीत उभ्या एका तरुणानं तो खुशाल ठेवून दिला होता.

"जरा धरा हो. सांडलं तर पंचाईत होईल."

"चहा आहे का?"

"न्हाय. शेळीचं रक्त."

दुसरी एखादी किंचाळली असती. वैदेही मात्र खुदकन हसली. धाराशिवच्या ज्या प्रयोगशाळेत ती काम करायची, तिथं तेरहून येणाऱ्या याच रक्ताची वाट पाहणं चाललं होतं!

तरुण तेरचा जनावरांचा डॉक्टर निघाला. कृष्णराज त्याचं नाव. मग दर मंगळवारी रक्त येऊ लागलं... आणि गुलाबजामही.

"पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे खुणेच्या जागा," एकदा वैदेहीनं समजावलं. "रंग लावलेली अँटिबॉडी नेमकी आपल्या रिसेप्टरला चिकटते. मग या मशीनमध्ये पेशी एकेक करून लेझरसमोरून जाते आणि चमकते."

"आणि उगंच कुठंबी चिकटली तर?"

"म्हणून तर कंट्रोल लावायचा. इथल्या कुणालाच न ओळखणारी अँटिबॉडी. तीही तेवढीच चमकली, तर समजायचं, सगळा भास."

"असं व्हय?" म्हणत तो बघत होता तिच्याकडे. मशीन राहिलं बाजूला.

वैदेहीचा जीव त्याच्यात पुरता अडकला होता. त्याच्या मनातलं मात्र कळेना — तो सगळ्यांशीच गोड! इकडे रविवारी सोलापूरचं स्थळ येणार होतं आणि आई होकारासाठी मागे लागली होती. शेवटी बाईसाहेबांनी डोकं चालवलं. मंगळवारी आजारपणाची थाप मारून घरी बसल्या आणि रक्त घ्यायला प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला, निकिताला, पाठवलं. हाच कंट्रोल: तिलाही गुलाबजाम मिळाले, तर तो सगळ्यांसाठीच आणतो.

संध्याकाळी निकिताला फोन केला. "गुलाबजाम आणले होते?"

"हो की! झक्कास होते."

म्हणजे सगळा भासच. वैदेही उशीत तोंड खुपसून रडली आणि आईला म्हणाली, "येऊ दे त्यांना."

बुधवारी कृष्णराज प्रयोगशाळेच्या दारात उभा! भुरभुर पावसात भिजलेला, हात रिकामे.

"ताप उतरला का?"

"रक्त कुठंय?"

"आज... मी एकटाच आलोय."

"गुलाबजाम आवडले हं निकिताला," वैदेही फणकारली.

"निकितामॅडमला? अहो, डबा तुमच्यासाठी दिलता! तुम्ही आजारी, म्हणून म्हणलं, पोचवा."

दोघांनी वळून पाहिलं. निकिता कोपऱ्यात लालबुंद झाली होती. "भूक लागली होती गं... चारच तर होते!"

वैदेहीला हसू आवरेना, डोळेही भरून आले. थापेपासून रडण्यापर्यंत सगळं तिनं सांगून टाकलं.

"काल दिवसभर कामात ध्यान न्हवतं माझं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही... लई आवडता मला."

वैदेहीनं तिथूनच फोन लावला. "आई, सोलापूरला नकार कळव. हो, कारण आहे. जनावरांचे डॉक्टर आहेत. रविवारी येतील." मग फोनवर हात ठेवून विचारलं, "याल ना?"

"रविवार कशाला? आजच येतो की!"